चाकामागची खुर्ची

घरगाडीतल्या बॅटरीच्या पडद्यावर १२.१ व्होल्ट हा आकडा होता. ऑर्विलने चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याला नाक टेकेल इतका वाकला आणि म्हणाला, "बारा पॉइंट सहा. भरलेली आहे."

काल तो हेच म्हणाला होता. परवाही. त्याच्या बायकोने, आर्डिसने, मनात मोजलं, आज अकरावा दिवस. पस्तीस वर्षं तिने नॉर्थ डकोटातल्या एका धान्यकोठारात गव्हाचा ओलावा मोजला होता. खरा आकडा रोज थोडा तरी हलतो. जो हलत नाही, तो कुणीतरी पाठ केलेला असतो.

"छान," ती म्हणाली. चार वाजता ऑर्विल नदीत पाय सोडून बसला की रोजच्यासारखा बॅटरी भरायला जनरेटर लावायचा, हे तिने मनाशी ठरवून टाकलं.

मे लागला होता. कोलोरॅडो नदीकाठच्या त्या तळावर गाड्यांच्या जागेला ना विजेची जोडणी होती ना पाण्याची. आपल्या टाकीतलं पाणी आणि छपरावर पडेल तेवढं ऊन, यावर ज्याने त्याने भागवायचं. हिवाळ्यात उत्तरेकडच्या म्हाताऱ्यांच्या शंभरेक घरगाड्या इथे उभ्या असत. आता दोन उरल्या होत्या, यांची आणि पार दुसऱ्या टोकाची एक. दुपारी पारा एकशेदहा फॅरनहाइटला टेकायचा. बॅटरीवर एसी चालत नसल्यामुळे दोघं मानेवर ओले टॉवेल टाकून बसत आणि मगभर पाण्यात दिवसाची भांडी उरकत. एरवी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती दोघं घरची वाट धरायची. यंदा ऑर्विलला आधी वारा उतरायला हवा होता, मग एक टायर संशयास्पद वाटला, मग बॅटरीची खात्री करायची होती.

खरं कारण त्याच्या डोळ्यांत होतं. नजरेच्या मधोमध एक डाग, मार्चपासून पसरत चाललेला. मैल्याची टाकी रिकामी करायला गाडी फाटकापर्यंत न्यावी लागे. तेव्हा आर्डिस नारिंगी सदरा घालून पुढे चालायची आणि तो त्या नारिंगी रंगामागून गाडी आणायचा. याबद्दल दोघांत एक शब्द झाला नव्हता. त्याचा मान राहावा म्हणून आपण गप्प आहोत, असं आर्डिस स्वतःला सांगायची.

दहाच्या सुमारास तळाची राखण करणारी ओफेलिया तिच्या छोट्या गाडीतून आली.

"बाकीचे पक्षी केव्हाच उडाले," ती दारातून म्हणाली. "तुम्ही दोघांनी इथे अंडी घातलीत की काय?"

"घातली तर उबवायला बसावं लागणार नाही," ऑर्विल म्हणाला.

ओफेलिया हसली, मग हसायची थांबली. "ऑर्विल, शनिवारी फाटकावरचा नळ बंद होतोय. पाण्याशिवाय या उन्हात मी तुम्हाला राहू देणार नाही. गाडी न्यायची नसेल तर एक गिऱ्हाईक आहे ओळखीचं. इथेच विका आणि विमानाने घरी जा. काय करू, बोलावू त्याला?"

आर्डिसने ऑर्विलकडे पाहिलं. "त्या टोकाच्या गाडीला सांगून येते," ओफेलिया म्हणाली. "तोवर ठरवा."

ती गेल्यावर ऑर्विल टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. हे टेबल त्याने स्वतः बसवलं होतं.

"जनरेटर किती वाजता लावणार आहेस आज?" त्याने विचारलं.

आर्डिस त्याच्याकडे वळली. "तुला माहितीय?"

"डोळे गेलेत, कान नाही. अकरा दिवस मी चुकीचा आकडा सांगतोय. तू एकदाही म्हणाली नाहीस, की बाबा रे, हे खोटं आहे."

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट मला एप्रिलमध्ये वाटून झालं. आता नुसतं उकडतंय."

तिला हसू आलं. "मग तू सरळ का नाही बोललास, की आता मला चालवता येणार नाही म्हणून?"

"बोललो असतो. पण त्याच्या पुढचं वाक्य तुझं होतं. ते मी कसं बोलणार?"

आर्डिस खाली बसली.

नऊ वर्षांपूर्वी एका पेट्रोलपंपावर ती स्टिअरिंगच्या चाकामागे होती. लांब गाडीचं तोंड उजवीकडे वळलं की शेपटी डावीकडे झुलते, हे ती क्षणभर विसरली. शेपटीने एक खांब आडवा केला. वीसेक माणसं बघत होती आणि त्यांतला एक टाळ्या वाजवत होता. तिने तिथेच किल्ली ऑर्विलच्या हातात दिली आणि पुन्हा या खुर्चीत बसणार नाही म्हणून शपथ घेतली. त्याने पत्रा ठोकून सरळ केला, रंग दिला. त्यानंतर तो विषय त्याने कधी काढला नाही. मार्चपासून आपण नक्की कुणाचा मान सांभाळत होतो, हे तिला आता दिसलं.

"सोळाशे मैल आहेत," ती म्हणाली.

"एकदम नाहीत. आधी फाटकापर्यंतचे. आणि मागे उभं राहून हात दाखवायला मी आहे. कडेकडेचं मला अजून चांगलं दिसतं."

बाहेर ओफेलियाची गाडी दुसऱ्या टोकाहून परत निघत होती. आर्डिस उठली, दार उघडून उन्हात पायरीवर उभी राहिली आणि रिकाम्या तळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ओफेलिया! गिऱ्हाईक नको! उद्या पहाटे पाचला निघतोय आम्ही. गाडी मी चालवणार आहे!"