घासलेलं मडकं

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, आठ दिवस आधी विक्कीनं आपल्या हॉटेलातल्या म्हाताऱ्या जिलेबीवाल्याला, दादाजींना, घरी बसवलं.

"तुमचं पीठ आंबाले रात जाते. सोडा टाकला का दहा मिनिटांत जिलेबी. अन् जातानी तुमचा कोपरा साफ करून जा, लय वास मारून राहिला."

दादाजींनी कोपरा साफ केला आणि ते आपल्या गावी, करडीला, निघून गेले.

मंडईच्या आदल्या दिवशी विक्कीचा फोन आला.

"सोडा टाकून पाहिला, दही टाकून पाहिलं. तुमच्यासारखी जिलेबी येऊनच नाही राहिली. तुम्ही रोज मूठभर जुनं पीठ मडक्यात मागं ठेवत होते न, तेच आज मैद्यात कालवतो. मडकं कुठं आहे?"

"फळीवर पालथं आहे."

थोडा वेळ फोनवर भांडी सरकवल्याचा आवाज आला.

"हे त कोरडं आहे, दादाजी. घासलं कायले?"

"तुझ्या आज्यानं लावलेलं पीठ होतं ते. पन्नास वर्षं त्या मडक्याले कोणी पाणी नाही लावलं," दादाजी म्हणाले. "पण तूच म्हणला, साफ करून जा."