एकच रिंग

आई अंधाऱ्या दालनाच्या मधोमध उभी होती आणि लेक टेबलापाशी.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अर्धा तास उरला होता. भिंतींना टेकवलेले आठ स्पीकर, मध्ये एक टेबल, बस्स. लेक ध्वनिकलाकार. म्हणजे नक्की काय करतेस, हे नातेवाइकांना समजावताना तिच्या नाकी नऊ येत. या वेळी तर तिने माळ्यावरच्या ट्रंकेतल्या बाबांच्या कॅसेट आईला न विचारताच उचलल्या होत्या.

बाबांचं चोरटं रेडिओ स्टेशन होतं. ना लायसन, ना नाव. दर रविवारी दुपारी ते गच्चीवरच्या पंपाच्या खोलीतून नाचाची गाणी लावायचे, सरकारी रेडिओने मेलं तरी लावली नसती अशी. बंद पडलेल्या गोदामांत पोरंपोरी त्यावर घामाघूम होईपर्यंत नाचायची. मग एका रविवारी तपासणीची गाडी आली. बाबा दीड वर्ष तुरुंगात राहिले आणि छातीत खोकला घेऊन परतले. ते गेल्यावर आईने ट्रंकेला कुलूप घातलं. घरात रेडिओ हा शब्दसुद्धा चालत नसे. आईचा त्या स्टेशनवर राग आहे, हे लेक धरूनच चालली होती. आई नको म्हणाली तर गाशा गुंडाळायचा, असं तिने ठरवलं होतं. तीन वर्षांची मेहनत गेली तर गेली.

"लाव," आई म्हणाली.

लेकीने बटण दाबलं. जमिनीतून ठोका वर आला. मग बाबांचा हसरा, तरणाताठा आवाज, "चला मंडळी, पाय मोकळे करा!" आवाज कसा लख्ख! खरखर, कटकट, मध्येच वाजणारा फोन, सगळा कचरा तिने महिनाभर बसून वेचून काढला होता.

आईने डोळे मिटले. काही वेळ बरा गेला. मग ती टेबलावरच्या दिव्याशी येऊन घड्याळ बघू लागली. पुन्हा बघितलं. पिशवीचा बंद पिरगळू लागली.

"बंद कर!" आई एकदम ओरडली. "आधी बंद कर ते!"

लेकीने घाईघाईने बटण दाबलं. "चुकलं माझं, आई. विचारायला हवं होतं."

"फोन कुठे गेला?"

"कुठला फोन?"

"दर दहा मिनिटांनी एकदाच वाजून गप्प होणारा."

"तो होय? तो काढला मी. गाण्यात मध्येच यायचा."

"अगं, ती मी होते."

आई स्टुलावर बसली. समोरच्या रस्त्यावरच्या टेलिफोन बूथमध्ये ती डोळ्यांत तेल घालून उभी राहायची. रस्ता मोकळा असला की पंपाच्या खोलीतल्या फोनवर एक रिंग द्यायची आणि ठेवून द्यायची. बाबा उचलायचे नाहीत, त्यामुळे नाणं परत यायचं. एकच नाणं चार वर्षं पुरलं. रिंग आली नाही तर बाबांनी सगळं बंद करून पळायचं, असं ठरलेलं होतं.

"त्या रविवारी तू तापाने फणफणली होतीस. तुला टाकून कशी जाऊ? म्हटलं, आज राहू द्या. तर म्हणाले, एकच तास, पोरं वाट बघत असतील." आईने पिशवी मांडीवर घट्ट धरली. "मी बूथवर असते तर ते सुटले असते. आणि तू तर सगळेच रविवार त्या रविवारसारखे करून ठेवलेस गं!"

इतकी वर्षं लेक ज्याला राग समजत होती, तो राग नव्हताच.

"सांग ना आई, काय करू?"

आईने पिशवी उचलली आणि ती बाहेर निघून गेली.

"मॅडम, लोक खोळंबलेत," व्यवस्थापकाने दारातून डोकावून सांगितलं. "उघडू का?"

लेकीने मान हलवून नाही म्हटलं. तिला रडू आवरत नव्हतं. ती वाकली आणि स्पीकरच्या वायरी काढू लागली. पहिली निघाली. दुसरीला हात घातला.

टेबलावरचा मोबाईल वाजला. एकदाच, आणि गप्प झाला.

पडद्यावर आईचं नाव होतं. अर्धवट उघड्या दारातून पलीकडचा फूटपाथ दिसत होता. तिथे आई हातात फोन धरून, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे आळीपाळीने बघत उभी होती.

लेकीने वायर परत खोचली. रस्ता मोकळा होता.