दुसरा गोल

०–०

आमच्या जुन्या कॉलेजची फुटबॉल फायनल. मैदानाच्या पायरीवर निळा झेंडा अंथरून मी धाकट्याचा लंगोट बदलत होते, थोरली माझ्या पाठीला बिलगून उभी.

१–०

मैदान गरजलं तेव्हा मी खालीच वाकले होते. थोरली झाल्यापासून कॉलेजचा एकही गोल मी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

"ह्योबी हुकला न्हवं?" मागच्या पायरीवरचे आमच्या गल्लीतले काका हसले. "पोरं घिऊन कशाला यायचं? घरात बसायचं की."

"तुमची नातवंडं कुठं हायत?"

"घरात. काकी बघतीया."

"आणि काकीनं मॅच कवा बघायची?"

मी धाकट्याला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "सेकंड हाफ तुमचा."

२–०

हा गोल मी उभी राहून, घसा फुटेस्तोवर ओरडत पाहिला. काका खाली वाकून दुधाची बाटली शोधत होते.