उभ्या थरांचा दगड

“तिथे थांबू नकोस!” एव्रार ओरडला आणि मुलीचा दंड धरून त्याने तिला कॅथेड्रलच्या उत्तर दारातून खस्सकन बाहेर ओढलं.

“बाबा! लोक बघतायत,” मायलिस दंड चोळत म्हणाली. “शनिवारी ह्याच दारातून नवरी म्हणून आत जायचंय मला. तेव्हाही असंच ओढणार आहेस?”

एव्रारने मान वर केली. कमानीत संतांच्या ओळी होत्या, सातशे वर्षं जुन्या. त्यांच्या वरच्या भिंतीतला डावीकडचा चौथा दगड मात्र अडतीस वर्षांचाच होता. तो त्याने बसवला होता, आणि चुकीचा बसवला होता.

तेव्हा तो इथे पाथरवट होता, बावीस वर्षांचा. दगड खाणीत जसा आडवा निजलेला असतो, तसाच भिंतीतही निजवायचा, हे पाथरवटांचं ग म भ न. थर उभे राहिले की त्यांत पाणी मुरतं, थंडीत गोठतं, आणि एक दिवस अख्खा पापुद्रा सुटून खाली येतो. आदल्या रात्रीची दारू एव्रारच्या डोक्यात होती. दगडावरची थरांची खूण त्याने पाहिलीच नाही. चुना भरून झाल्यावर, शिडी उतरताना त्याच्या लक्षात आलं. पण इथले मुख्य, उस्ताद गोदफ्रुआ, तोंडाचे फटकळ. सांगायची छाती झाली नाही. आठवडाभर त्याने तोंड लपवलं आणि शनिवारी पगार घेऊन गाव सोडलं. पुढे समुद्रकाठच्या एका बेकरीची गाडी हाकण्यात जन्म गेला. बातम्यांत या गावाच्या तापमानाचा आकडा शून्याखाली गेला की त्याची झोप उडायची. आज पडला असेल का? कोणावर पडला असेल? आणि मुलीची सोयरीक जुळली ती नेमकी ह्याच गावात!

“बाबा, घाम का आलाय तुला? फेब्रुवारी आहे.”

“चल माझ्याबरोबर,” तो म्हणाला.

कॅथेड्रलच्या मागे पाथरवटांची शेड होती. छिन्नीचा तोच ठकठक आवाज येत होता. मुलीला बाहेरच थांबवावं, असं क्षणभर वाटलं. मग त्याला वाटलं, लपवाछपवी पुष्कळ झाली.

आतून एक पांढऱ्या मिशांचा माणूस आला. तो आर्सेन होता, एव्रारचा तेव्हाचा जोडीदार. आता सगळं काम त्याच्या हाताखाली होतं.

“अरे, एव्रार! मेलास असं समजत होतो, लेका!”

“आर्सेन, उत्तर दार बंद कर. आत्ताच्या आत्ता.” “वरचा चौथा दगड... थर उभे आहेत त्याचे. मी बसवला. कळूनही गप्प बसलो. पाहिजे तर पोलिसांना बोलाव, पण शनिवारी माझी मुलगी त्याच्याखालून जाणार आहे.”

मायलिस त्याच्याकडे बघत राहिली. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. पाहवलंच नाही.

आर्सेनने हळूच स्टूल पुढे सरकवलं. “बस आधी. तो दगड नाहीये तिथे. तू बसवलास त्याच संध्याकाळी उस्तादांच्या नजरेत आला. तू घरी गेल्यावर आम्ही दोघांनी काढला, दुसरा नीट बसवला. खालून कळायचं नाही.”

एव्रार धपकन बसला. त्याला हसू येत होतं आणि रडूही. मग डोक्यात संतापाची तिडीक गेली.

“अडतीस वर्षं, आर्सेन! त्या म्हाताऱ्याने एका शब्दाने सांगितलं असतं तर?”

“मी म्हटलं होतं, त्याला बोलावून चार शिव्या घाला आणि मोकळे व्हा. तर मलाच गप्प केलं.” आर्सेनने हात अंगरख्याला पुसले. “म्हणाले, ‘चूक कोणाचीही होते. आठवडाभर थांबू. पोरगा आपणहून सांगायला आला, तर माझ्यामागे हे कॅथेड्रल त्याच्या हाती.’”

एव्रारची नजर शेडच्या दाराकडे गेली.

“शनिवारी दिवे लावायची वेळ होईपर्यंत ते इथे दाराशी उभे होते,” आर्सेन म्हणाला. “सोमवारी त्यांनी मला बोलावलं.”