फ्रीजरवरची पाटी

“माझ्या फ्रीजरमध्ये कोण माणूस कामावर आहे, कळेल का मला?”

उत्तराबाई नुकत्याच गणपतीच्या देवळातून आल्या होत्या. फ्रीजरच्या दाराला दोऱ्याने लाल पाटी टांगलेली होती: ‘माणूस कामावर आहे. हात लावू नये.’ दाराच्या रबरामधून दोन वायरी बाहेर आल्या होत्या आणि ओट्यावर, तांदळाच्या पिठीच्या परातीशेजारी, एक चिमुकला दिवा जळत होता.

संकष्टी होती. पोटात सकाळच्या साबुदाण्यापलीकडे काही नव्हतं. चंद्र उगवायला थोडाच वेळ होता, आणि मोदकांसाठी खवून ठेवलेलं खोबरं त्या दाराच्या आत होतं.

“जरा थांब,” वेणीमाधव म्हणाले. मल्टिमीटरवरची नजर त्यांनी काढली नाही. “आत बॅटरी आहे.”

“खोबऱ्याशेजारी?”

“मटारांशेजारी. खोबरं खाली सरकवलंय.”

वेणीमाधव एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॅटऱ्यांची खोली सांभाळून निवृत्त झाले होते. पाटीही तिथलीच सवय. यंत्राच्या पोटात कोणी दुरुस्तीला शिरलं की बाहेरच्या स्विचवर अशी पाटी लागायची, आणि आतला माणूस बाहेर येईपर्यंत साहेबाचा बापही तिला हात लावत नसे.

“माणूस कोण ते सांगा.”

“अपू.”

दोघांची लेक अपूर्वा संशोधनासाठी कॅनडात गेली होती, विनिपेगला. तिचा तिथला हा पहिलाच हिवाळा. जेवलीस का, तर ठीक आहे. थंडी फार आहे का, तर ठीक आहे. फोनवर दुसरा शब्द नाही. खोली आणि लॅब सोडून ती कुठे जातही नव्हती. मग मागच्या आठवड्यात तिने स्वतःहून बाबांना फोन केला. लॅबमधली मैत्रीण तिला गोठलेल्या तळ्यावर नेणार होती. बर्फाला भोक पाडायचं आणि पाण्यात खाली काय आहे ते सोनार नावाच्या छोट्या यंत्रावर बघायचं. त्या यंत्राची बॅटरी तेवढी मेली होती. दुकानात दोन होत्या, एक शिशाची, एक लिथियमची. बाबा, कोणती घेऊ?

“लिथियमची घे म्हणून सांगून बसलो,” वेणीमाधव म्हणाले. “गारठ्यात ती कमी मान टाकते, हे पुस्तकात वाचलेलं. पण मी जन्मभर बॅटऱ्या पाहिल्या त्या एकलहऱ्याच्या उकाड्यात. म्हणून तसलीच एक आणली. तिने तिकडे यंत्र सुरू केलं, तेव्हाच मी इकडे दिवा लावला. तिच्या यंत्राइतकाच करंट खातो हा. मंद व्हायला लागला की तिला आधी कळवता येईल. दार उघडलं तर आत ऊब जाणार, मग सगळंच मुसळ केरात.”

“पण तळ्याखाली एवढं बघायचंय काय तिला?”

वेणीमाधव मल्टिमीटरवर आणखी वाकले.

“अहो, खाली काय असतं?”

“मासे.”

“संकष्टीला?”

“तिकडे अजून सकाळ आहे,” ते चाचरत म्हणाले.

उत्तराबाईंनी दाराच्या मुठीला हात घातला.

“बॅटरी मध्येच बंद पडली,” वेणीमाधव हळू आवाजात म्हणाले, “तर ती पुन्हा मला काही विचारणार नाही, उत्तरा.”

मूठ उत्तराबाईंच्या हातात तशीच राहिली. तेवढ्यात फोन वाजला.

पडद्यावर आधी लालबुंद नाक आलं, मग पापण्यांवर पांढरं दव गोठलेली अपूर्वा. तिच्या मागे सगळं पांढरं होतं. “आई, बाबा, हे बघा!” तिने कॅमेरा सोनारकडे वळवला. “ही खालची जाड पट्टी म्हणजे तळ. यंत्र खाली आवाज सोडतं, तो आपटून परत येतो, त्यावरून ही चित्रं. ही मधली बारीक रेघ माझ्या गळाची. आणि आता... आला! आला!”

तळापासून एक रेघ सुटली आणि सावकाश वर चढू लागली. गळाच्या रेघेपाशी येऊन थबकली.

“अपू, व्होल्टेज किती दाखवतं—”

“शू!” उत्तराबाईंनी नवऱ्याचा दंड धरला. “हळू बोला. पळेल तो.” मग फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन त्या पुटपुटल्या, “जा रे बाबा. आजच्या दिवस तरी जा.”

रेघ जरा रेंगाळली, आणि खाली निघून गेली.

“आई! पळवलास माझा मासा!” अपूर्वा हसायला लागली. शेवटी उचकी लागते तसलं, तिचं लहानपणापासूनचं हसू. मैत्रीण काहीतरी विचारत होती आणि तिला इंग्रजीत सांगता सांगता ती आणखीच हसत होती. “बाबा, बॅटरी एकदम दणकट निघाली. आम्ही थांबतोय अजून.”

वेणीमाधव फोनकडे सरकले. “घरी गेल्यावर लगेच चार्जिंगला लावू नकोस. गारठलेली असते. आधी खोलीत ऊब घेऊ दे तिला.”

“आणि तूही घे,” उत्तराबाई म्हणाल्या.

फोन बंद झाला. ओट्यावरचा दिवा जळत होता. खिडकीच्या गजांमधून समोरच्या इमारतीवर आलेला चंद्र दिसत होता. वेणीमाधवांनी पिठीच्या परातीकडे पाहिलं, मग बायकोच्या सुकलेल्या चेहऱ्याकडे, आणि ते पाटीची गाठ सोडायला लागले.

“घे खोबरं काढून. तिचं चाललंय व्यवस्थित.”

उत्तराबाईंनी नैवेद्याच्या वाटीत गुळाचा खडा ठेवला. नवऱ्याचा हात बाजूला केला आणि तिरकी झालेली पाटी सरळ केली.

“आधी माणूस बाहेर येऊ दे,” त्या म्हणाल्या.