प्रेमाच्या साड्यांची गोधडी

गोधडीत मेलेल्या माणसाची माया राहते, असं सांगत जिवलीने सुनेच्या, काजलच्या हातात कात्री दिली. गोधडीत ढेकूणही राहतात, पण तो विषय निघाला नाही.

कापायच्या होत्या प्रेमाच्या साड्या. प्रेमा ही जिवलीच्या मुलाची, सुनिलची पहिली बायको. तीन वर्षांपूर्वी ती भातसा धरणाच्या कालव्यात बुडाली, देहही सापडला नाही, असं काजलच्या माहेरी लग्न ठरतानाच सांगितलं होतं. माहेर मुरबाडच्या पलीकडे. तिथून कालव्याची चौकशी कोण करणार? वडिलांनी एवढंच विचारलं, की मुलगा धरणावर नोकरीत कायम आहे ना. कायम होता. लग्न झालं.

काजलला शिवण येत नव्हतं. जिवलीने तिला अंगणात उन्हाला बसवून पहिला चौकोन शिकवला. वीतभर कापायचा, कड नखाएवढी आत दुमडायची, मग कडेकडेने धावदोरा. टाका तांदळाएवढा. काजलचा पहिला टाका तांदळाएवढा पडला, दुसरा वालाएवढा, तिसरा बोटात गेला. निळ्या साडीवर रक्ताचा ठिपका उमटला. जिवलीने तो चौकोन उचलून चुलीत घातला.

काजलला पाचवा महिना होता. बाळ याच गोधडीत निजणार होतं. साड्यांची मालकीण त्याला सुखाने निजू देईल का, एवढीच तिला धास्ती.

जिवलीचं म्हणणं, मेलेल्याचं कापड तुकडा न तुकडा शिवून टाकलं, की त्याचा जीव बांधला जातो, भटकत नाही. बुधवारच्या आत सगळ्या साड्या कापून व्हायला हव्या होत्या. का, ते तिने सांगितलं नाही. अशा कामात अमावास्या असतेच, म्हणून काजलनेही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी बांधापलीकडे पळसाखाली एक बाई उभी दिसली. कुंपणावर वाळत घातलेल्या तुकड्यांकडे ती एकटक बघत होती. काजलने आधी तिचे पाय बघितले. ते गवतात होते. हाक मारली तशी बाई वळली आणि रस्त्याकडे निघून गेली.

संध्याकाळी जेवताना काजलने हे सांगितलं. सुनिलचा घास हातातच राहिला.

"कपाळावर खूण होती?" जिवलीने विचारलं.

"होती. भाजल्यासारखी."

जिवलीने उठून मीठमिरच्या घेतल्या आणि सुनेवरून उतरवल्या. "परत दिसली तर ओ देऊ नको गो. पानी मागंल, देऊ नको. ती उंबऱ्याच्या आत आली, तर तुझं पोर नाय राहायचं."

त्या दिवसापासून सुनिल अर्धवट गोधडीला हातही लावीना. थंडीतही तो ओटीवर घोंगडं घेऊन झोपू लागला. नळावर काजल गेली की बायका बोलायच्या थांबत. त्यांच्यातल्या बुधीने एकदा तिच्या पोटाकडे बघून तोंड उघडलं, आणि हंडा उचलून चालू लागली.

काजल शिवत राहिली. घरात बोलायला कोणी नसलं की कापडाशीच बोलायची.

"बाई, साड्या तुझ्याच हायत. मी मागून आले, माझा काय दोष नाय. पोराला तेवढं सांभाळ."

असं बोलता बोलता टाका सरळ पडू लागला. शेवटी शेवटी तर तिला प्रेमाचाच आधार वाटायला लागला होता.

सोमवारी जिवली शहापूरच्या बाजाराला गेली. दुपारी सायकलवरून एक माणूस आला. खाकी पिशवीतून कागद काढत त्याने सुनिल घुडेचं घर हेच का, विचारलं. मागच्या खेपेला म्हातारीने असा कोणी इथे राहत नाही म्हणून परत पाठवलं होतं, अशी कुरकुरही केली.

"तुमी त्याच्या कोण?"

"बायको."

त्याने कागदाकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग तिच्या पोटाकडे. नात्याची जागा त्याने कोरीच ठेवली, तिची सही घेतली आणि सायकल वळवली.

काजल सातवीपर्यंत शिकलेली होती. दाभण कापडात खोचून तिने कागद उलगडला आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. वर शहापूरच्या कोर्टाचा शिक्का होता. खाली टाइप केलं होतं: अर्जदार, प्रेमा सुनिल घुडे, वय सव्वीस, राहणार आसनगाव. विषय, नवऱ्याच्या घरी नांदायला परत जाण्याबाबत. सुनावणी, येत्या बुधवारी.