दुप्पट वेगातली आई

त्याला दम म्हणून नव्हता. सिनेमा असो, ऑफिसचं ट्रेनिंग असो, सगळं फोनवर दुप्पट वेगाने. आईचे व्हॉइस मेसेजसुद्धा. जिना उतरता उतरता आई संपायची, आणि खाली पोचला की हा अंगठा पाठवून मोकळा.

"तुझी आई आहे की चिमणी रे?" बायको चिडवायची.

रविवारी तो भांडी घासत होता आणि मेसेज आला. हात साबणाने बरबटलेले, म्हणून बायकोने लावून दिला. वेग मात्र मुद्दामच वाढवला नाही.

"बाळा, जेवलास का?" मग बराच वेळ काहीच नाही, नुसती मागे पंख्याची घरघर. "बरं. आणि पाठ कशी आहे?" पुन्हा सगळं शांत. "हं. जप हो."

त्याने तशाच ओल्या हातांनी फोन लावला. "आई, तू मेसेजमध्ये मधेच गप्प का होतेस गं?"

"अरे, मी विचारल्यावर तुला उत्तर द्यायला वेळ नको का?"

बायकोने गुपचूप नळ बंद केला आणि त्याच्याकडे स्टूल सरकवलं.

"जेवलो, आई," तो बसत म्हणाला.